संगणकवाली रायफल नेम कसा धरते, आणि गोळी नक्की कोण झाडतं?

माळावरचा मास्तर

यंदा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला भाच्याला घेऊन गेलो होतो. नववीत आहे. होम मैदानावर फुगे फोडायच्या स्टॉलवर त्याने दहा छर्रे घेतले. पहिले तीन फुग्याच्या डावीकडे पाटीवर आपटले. चौथ्याला त्याने फुगा सोडून उजवीकडच्या मोकळ्या जागेवर नेम धरला आणि फुगा फुटला. पुढच्या सहापैकी पाच लागले. त्या बंदुकीची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा खुंट, वाकलेली होती, एवढंच. परत येताना त्याने विचारलं, "मामा, व्हिडिओत ती संगणकवाली रायफल दाखवतात ना, ती पहिल्याच गोळीला कशी लावते? तिला तीन छर्रे वाया घालवायला लागत नाहीत?"

प्रश्न इतका नेमका होता की मी रस्त्यात उत्तर द्यायचं टाळलं. घरी आल्यावर वाचलं, वहीत गणितं केली. सव्वीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं एनसीसीच्या मुलांना पॉइंट टू टू रायफलच्या फायरिंगला नेलं. तेव्हा दोन्ही बाजूंनी लिहितो.

आधी हे मनातून काढून टाका की गोळी सरळ जाते. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, हातातून सुटलेल्या दगडासारखी. एक सेकंद हवेत राहिली तर जवळजवळ पाच मीटर खाली येते. शंभर मीटरवर हे जाणवत नाही, कारण तिथे ती सेकंदाच्या आठव्या भागात पोचते आणि सात-आठ सेंटिमीटरच उतरते. पण हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, चांगल्या ताकदीच्या रायफलच्या गोळीलाही साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात ती तीन मजली घराच्या उंचीइतकी खाली आलेली असते. म्हणून नळी आधीच वर उचलावी लागते. किती उचलायची हे अंतर किती यावर ठरतं, आणि डोळ्याने अंतर सांगताना भले भले चुकतात.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ट्रॅकिंगपॉइंट या कंपनीने २०१३ मध्ये जी रायफल बाजारात आणली ती इथून सुरुवात करते. तिच्या दुर्बिणीत काचेतून थेट पाहायचं नसतं. आत कॅमेरा असतो आणि डोळ्याला लहानसा पडदा दिसतो. लक्ष्यावर ठिपका आणायचा आणि ट्रिगरजवळचं एक बटण दाबायचं. याला ते टॅग करणं म्हणतात, आपण खूण करणं म्हणू. खूण होताच लेझरचा किरण जाऊन परत येतो आणि अंतर कळतं. मग कॅमेरा त्या जागेचं चित्र लक्षात ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक चित्रात ती जागा शोधत राहतो. तुमचा हात हलला, लक्ष्य चालू लागलं, तरी खूण तिथेच चिकटून राहते.

तोवर संगणक बाकीची मापं घेत असतो. हवेचं तापमान, हवेचा दाब, नळी वर रोखलीय की खाली, रायफल कुशीवर कलली आहे का. आपल्या सोलापूरचंच उदाहरण घ्या. मे महिन्यातल्या ४३ अंशांच्या दुपारी हवा डिसेंबरमधल्या १५ अंशांच्या पहाटेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच, म्हणून दाब आणखी पाच टक्क्यांनी कमी. विरळ हवेत गोळीला अडथळा कमी होतो आणि ती कमी उतरते. मुंबईच्या किनाऱ्यावर जुळवलेली रायफल मे महिन्यात आमच्या माळावर आणली तर लांबच्या लक्ष्याच्या डोक्यावरून गोळी जाईल. हा संगणक नळीच्या आतल्या आट्यांमुळे गिरकी घेणाऱ्या गोळीचं एका बाजूला सरकणं धरतो, पृथ्वीच्या फिरण्याचा फरकही धरतो. ही सगळी बेरीज-वजाबाकी होऊन पडद्यावर नेमाची खूण नव्या जागी दिसते.

आता येतो त्या ठिकाणी, जिथे बहुतेकांची गल्लत होते. लोकांना वाटतं की पुढे रायफल आपोआप गोळी झाडते. तसं नाही. ट्रिगर माणसानेच दाबायचा असतो. फक्त तो दाबला तरी लगेच सुटत नाही. संगणक ट्रिगर जड करून ठेवतो. बोट दाबून धरलेलं, हात श्वासाबरोबर किंचित वरखाली होतोय, पडद्यावरची नेमाची खूण लक्ष्याच्या खुणेभोवती घिरट्या घालतेय. ज्या क्षणी दोन्ही एकावर एक येतात, त्या क्षणी ट्रिगर हलका होतो आणि आधीच दाबलेल्या बोटाने गोळी सुटते. बोट उचललं तर काहीच होत नाही.

रेंजवर मी वर्षानुवर्षं पोरांना हेच सांगत आलो की ट्रिगरला झटका देऊ नका, हळूहळू दाबा, गोळी कधी सुटली ते तुम्हालाच कळू नये. आवाजाच्या भीतीने बोट आणि खांदा आधीच आखडतात आणि नळी हलते. नळी एका अंशाचा साठावा भाग हलली तरी नऊशे मीटरवर गोळी सव्वीस सेंटिमीटर बाजूला जाते. माणसाच्या अंगातला हा दोष त्या यंत्राने बाजूला काढला. भाच्याला मी सांगितलं, हे यंत्र वाट पाहतं, त्याची खरी करामत एवढीच आहे.

---

चौकस

मास्तर, मनापासून आभार. इतकी वर्षं मी उलटंच समजत होतो. दोन शंका. वाऱ्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. आणि किंमत किती?

---

माळावरचा मास्तर

किंमत सुरुवातीला २२ हजार डॉलरच्या पुढे होती, तेव्हाच्या भावाने बारा लाखांच्या आसपास. वाऱ्याचं मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तो विषय मोठा आहे आणि यंत्राची खरी मर्यादा तिथेच आहे.

त्या रायफलला वारा मोजता येत नव्हता. वाऱ्याचा वेग आणि दिशा माणसाने अंदाजाने ठरवून बटणाने भरायची. का, ते सांगतो. रायफलवर पंखा बसवून वारा मोजता येईल, पण तो रायफलजवळचा वारा. गोळी जाणार नऊशे मीटर. मधे ओढा असेल, बांध असेल, उसाचा फड असेल, आणि प्रत्येक ठिकाणी वारा वेगळा.

किती फरक पडतो ते मोजायची एक जुनी, सोपी रीत आहे. गोळीला लक्ष्यापर्यंत जायला प्रत्यक्ष लागलेला वेळ घ्या. हवाच नसती तर लागला असता तो वेळ त्यातून वजा करा. जो उरेल त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणा. हजार यार्डांवर प्रत्यक्ष वेळ १.४५ सेकंद धरा, हवेविना १.०२ सेकंद. उरले ०.४३. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा म्हणजे सेकंदाला ४.४४ मीटर. गुणाकार १.९ मीटर. पान सळसळवणारा साधा वारा गोळीला माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बाजूला नेतो. वाऱ्याच्या अंदाजात निम्म्याने चूक झाली तर बाकी सगळा संगणक बरोबर असूनही गोळी जवळजवळ एक मीटर चुकणार.

---

निवृत्त जवान, मोहोळ

मास्तर, रामराम. तुमचं वाऱ्याचं गणित वाचून जुने दिवस आठवले. फौजेत लांबच्या नेमबाजाबरोबर दुसरा माणूस असतो तो यासाठीच. त्याचं निम्मं काम वारा वाचणं. गवत किती वाकलंय, धूळ कुठल्या बाजूला जातेय, आणि तापलेल्या जमिनीवरची हवा दुर्बिणीतून कशी लहरते. लहरी सरळ वर जात असतील तर आडवा वारा नाही, आडव्या पळत असतील तर वारा आहे. उन्हाळ्यात मोहोळच्या माळावर दुपारी बारा वाजता बघा, साध्या दुर्बिणीतूनही दिसेल. हे डोळ्याला शिकवावं लागतं आणि त्याला वर्षं जातात.

एक गोष्ट जोडतो. फौजेत नेमाला "शिस्त" म्हणतात, शिस्त लेना. मराठीत आपण तोच शब्द वागण्याच्या वळणासाठी वापरतो. शब्द फारसीतला, एकच. भरतीनंतर पहिल्यांदा उस्तादांच्या तोंडून ऐकला तेव्हा मला वाटलं माझ्या वागण्याबद्दल बोलतायत.

आता ही विद्या कुठवर आली ते. शिकारीपेक्षा आज या विद्येची गरज ड्रोन पाडायला आहे. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली. लहान ड्रोन हवेत असा हेलकावे खातो की साध्या रायफलने तो पाडणं फार कठीण. इस्राएलच्या स्मार्टशूटर कंपनीची स्मॅश नावाची साईट, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, साध्या असॉल्ट रायफलवर बसते. ड्रोनवर खूण चिकटवायची, ट्रिगर दाबून धरायचा, आणि गोळी लागण्यासारखी स्थिती आली की मगच ती सुटते. तुम्ही लिहिलेलीच रीत. आपल्या नौदलाने २०२० मध्ये या साईट मागवल्या.

अमेरिकेच्या लष्कराने मात्र निराळा रस्ता धरला. २०२२ मध्ये व्हॉर्टेक्स कंपनीची एक्सएम१५७ साईट निवडली, दहा वर्षांत अडीच लाखांपर्यंत घेण्याचा करार. तिच्यात लेझर आहे, हवामानाची मापं आहेत, गणित आहे. नेम कुठे धरायचा ते ती दाखवते. पण ट्रिगरला हात लावत नाही. शिपायाच्या बोटाआड काही येत नाही. मी शिपाई होतो, मला हे पटतं. समोरून कोणी धावून येत असताना माझ्या बोटाने मागितलेली गोळी यंत्राने अडवून ठेवावी, हे मला सहन झालं नसतं.

---

धोटा

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम करतो, तिसरी पिढी. बंदुकीतलं मला काय कळत नाही, पण मास्तरांचं "यंत्र वाट पाहतं" वाचलं आणि माग डोळ्यासमोर आला.

आमच्याकडं ताण्याचा, म्हंजे उभा, एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो. प्रत्येक धाग्यावर पत्र्याची पातळ पट्टी लटकत असती. धागा ताणलेला हाय तोवर पट्टी वर. तुटला की पट्टी खाली पडती आणि माग बंद. म्हंजे माग चालवायचं काम मोटर करती, पट्टीचं काम फक्त नको तेव्हा थांबवायचं. तुमच्या ट्रिगरचंबी तसंच झालं की. जोर माणसाचा, अडवायचं काम यंत्राचं. फरक एवढाच की आमची पट्टी चूक दिसल्यावर थांबवती, आणि ती रायफल सगळं जुळेपर्यंत आधीपासूनच थांबवून ठेवती.

दुसरं, आमच्या चादरीवरचा मोर किंवा वेल जॅकार्डवर विणतात. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात. भोक असंल तिथला धागा उचलतो, नसंल तिथला राहतो. माझ्या मुलीनं इंजिनिअरिंगला सांगितलं की १८०४ सालच्या ह्याच जॅकार्डची कार्डं बॅबेजनं आपल्या गणिताच्या यंत्रासाठी वापरायची ठरवली होती. ह्यावर मास्तरांनी लिहावं.

---

माळावरचा मास्तर

धोटा, तुमच्या मुलीचं अगदी बरोबर आहे, आणि पुढची गोष्ट तर आपल्या या चर्चेच्या विषयातच येऊन मिळते. १९४६ मध्ये जगासमोर आलेला एनियॅक हा अमेरिकेतला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक. तो बांधायला पैसे दिले लष्कराने, आणि ते दिले तोफगोळ्यांचे तक्ते काढण्यासाठी. कुठल्या कोनात तोफ उचलली तर गोळा किती लांब पडेल, वारा असेल तर किती बाजूला जाईल, याची हजारो गणितं हाताने करायला माणसं पुरत नव्हती. एनियॅकला आकडे कसे भरायचे? भोकं पाडलेल्या कार्डांवरून.

संगणक आधी आला आणि मग कोणीतरी तो बंदुकीला जोडला असं आपण मानतो. तोफेचा नेम हे संगणकाच्या पहिल्या कामांपैकी एक होतं. मोठी खोली भरेल एवढं ते यंत्र साठ-सत्तर वर्षांत दुर्बिणीच्या नळीत मावलं.

---

कोडकर्ती

मी मूळची जुळे सोलापूरची, सध्या पुण्यात संगणक सुरक्षेचं काम करते. सर, तुम्ही मला अकरावीला शिकवलंय. या रायफलची एक बाजू अजून कोणी मांडली नाही, आणि माझ्या कामात ती आम्ही वारंवार सांगतो.

त्या पहिल्या रायफलमध्ये लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली होती आणि वायफाय होतं. नेमबाजाला दिसतं ते दुसऱ्याला टॅबवर दाखवता यावं म्हणून. वायफाय कारखान्यातून बंद येत असे, पण चालू केलं की त्याचा पासवर्ड ठरलेला होता. २०१५ मध्ये रूना सँडविक आणि मायकल ऑजर या दोघांनी संगणक सुरक्षेच्या ब्लॅक हॅट परिषदेत दाखवलं की जवळून त्या वायफायमधून दुर्बिणीत शिरता येतं. त्यांनी गणितातला एकच आकडा बदलला, गोळीचं वजन. काही ग्रॅमची गोळी संगणकाला बत्तीस किलोंची वाटायला लागली. नेमबाजाने आपल्या लक्ष्यावर व्यवस्थित खूण केली, ट्रिगर दाबला, आणि गोळी शेजारच्या लक्ष्याच्या बरोबर मधोमध लागली. पडद्यावरचं दृश्य फार तर एकदा किंचित उडतं, आणि ते हात हलल्यासारखंच वाटतं.

ट्रिगर कायमचा अडवून ठेवणंही त्यांना जमलं. एक मात्र जमलं नाही. लांबून गोळी झाडता आली नाही, कारण ट्रिगर शेवटी बोटाने ओढावा लागतो, तिथे लोखंडाला लोखंड जोडलेलं आहे. बनवणाऱ्यांनी तेवढी एक गोष्ट संगणकाच्या हाती दिली नव्हती. माझ्या मते त्या रायफलमधला तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. निवृत्त जवान काका म्हणतात की अडवणारं यंत्र नको. मी म्हणेन अडवणारं चालेल, पण झाडणारं नको.

---

रानवेडी

गणित सगळं वाचलं, समजलं. तरी मला या धाग्यावर एक गोष्ट खुपते आहे आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

ही रायफल आधी विकली गेली ती शिकाऱ्यांना. मी गेली बारा वर्षं सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पक्षी बघायला जाते. एकेकाळी तिथे माळढोक सहज दिसायचे, अभयारण्य त्यांच्यासाठीच १९७९ मध्ये झालं. आता मी काळवीट बघून परत येते. काळवीट माणसाला किती जवळ येऊ देतो? शंभर, फार तर दीडशे मीटर. कान टवकारतो, मान वर करतो, मग पळतो. लाखो वर्षांत त्याच्या अंगात शिकाऱ्याचं जे अंतर मुरलंय ते तेवढंच. नऊशे मीटरवरच्या माणसाचा त्याला वास येत नाही, आवाज येत नाही. मास्तर म्हणाले की यंत्राने माणसाचा दोष काढला. त्या दोषामुळेच प्राणी वाचत आले आहेत.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि त्याचं मला समाधान आहे. पण "पहिल्या गोळीत लागते" याचं कौतुक वाचताना मला पलीकडचा तो मान वर केलेला काळवीट दिसत राहतो.

---

माळावरचा मास्तर

रानवेडी ताई, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. उत्तर म्हणून एकच सांगता येईल. शिकार होणारच असेल अशा देशात जखमी होऊन झुडपात दोन दिवस तडफडणारा प्राणी कमी व्हावा, असा त्या रायफलच्या बाजूने युक्तिवाद होता, आणि तो खोटा नाही. पण तो तुमच्या मुद्द्याला पुरा पडत नाही, हे मला कबूल आहे. जनावराची जाण जिथे संपते त्याच्या कितीतरी पलीकडून गोळी येते, याला माझ्याकडे गणित नाही.

आणि तुमच्यामुळे एक गोष्ट लिहायची राहिली ती आठवली. खूण चिकटते ती चित्रातल्या आकाराला. तो आकार काळवीट आहे, गुराखी आहे की बुजगावणं, हे त्या पहिल्या रायफलला कळत नव्हतं. तिला त्याची गरजच नव्हती. शिवाय चालणाऱ्या लक्ष्याचा वेग मोजून ती नेम पुढे धरते. ताशी पाच किलोमीटरने चालणारा माणूस दीड सेकंदात दोन मीटर पुढे जातो, तेवढा पुढे. पण गोळी सुटल्यावर तो थांबला, वळला, किंवा मधे कोणी आलं, तर त्या दीड सेकंदात काहीही बदलता येत नाही.

---

धोटा

ताईंचं मला पटलं. आमच्या मागाला बी धागा तुटलेला कळतो, पण चादरीवरचा मोर उलटा विणला जातोय ते कळत नाही. कार्डं उलटी लावली तर माग उलटा मोर निमूट विणतो. ते बघायला माणूस उभा लागतो, आणि खराब निघालेल्या मालाचा जाब मागाला नाही, त्या माणसाला द्यावा लागतो.

---

चौकस

मास्तर, भाच्याला हे सगळं सांगितलंत का? तो काय म्हणाला?

---

माळावरचा मास्तर

काल रात्री हा सगळा धागा त्याला वाचून दाखवला. वायफायच्या भागाला तो उठून बसला. वाऱ्याचं गणित त्याने वहीत पुन्हा करून बघितलं, माझा दशांशाचा एक आकडा दुरुस्त केला. मग बराच वेळ गप्प होता. झोपायला जाताना दारातून म्हणाला, "पण मामा, त्या रायफलची माशी वाकली असेल तर?"

म्हणजे त्याचं म्हणणं असं, की दुर्बीण नळीवर जिथे बसवली आहे तिथून ती धक्का लागून जराशी सरकली, तर अंतर बरोबर, हवा बरोबर, गणित बरोबर, आणि तरी गोळी डावीकडे. मी त्याला सांगितलं की नळी आणि दुर्बीण एकाच ठिकाणी बघतायत हे गृहीत धरूनच पुढचं सगळं गणित सुरू होतं. आणि ते जुळवायची मूळ रीत एकच. कारखान्यात का होईना, कोणीतरी आधी त्याच रायफलने, त्याच जातीच्या गोळ्या खऱ्या लक्ष्यावर झाडलेल्या असतात, कुठे लागल्या ते बघितलेलं असतं, आणि तेवढा फरक भरलेला असतो. आम्ही रेंजवर त्यासाठी पाच गोळ्यांचा ग्रुप घ्यायचो, म्हणजे एकाच जागी नेम धरून पाच गोळ्या झाडायचो.

"म्हणजे तिलाही लागतातच," म्हणाला. "मला तीन लागले."